साठ डॉलरची ड्राफ्ट सेवा आणि एका बॅकफील्डमधले दोघं

फँटसी फुटबॉलसाठी (फुटबॉल म्हणजे इथे अमेरिकन फुटबॉल) पैसे भरून घ्यायच्या एका सेवेबद्दल लिहितेय. वर्षाचे ६० डॉलर. त्यात ड्राफ्टसाठी, म्हणजे हंगामाआधी आळीपाळीने खेळाडू निवडण्यासाठी, खेळाडूंची क्रमवारी, दर आठवड्याचे अंदाज, खेळाडूंची अदलाबदल तोलणारा ट्रेड कॅल्क्युलेटर आणि आकड्यांचे तक्ते मिळतात. २०२३ आणि २०२४ असे दोन पूर्ण हंगाम मी ती वापरली. नाव देत नाही. आमच्या लीगमधल्या आणखी तिघांकडे वेगवेगळ्या कंपन्यांच्या अशाच सेवा आहेत आणि मला ज्या एका गोष्टीवर बोलायचंय ती चारही ठिकाणी सारखीच दिसली: एका संघाचे दोन रनिंग बॅक काम वाटून घेत असतील, तर त्या दोघांची किंमत कशी लावायची?

मी मिशिगनमध्ये नोव्हायला राहते. आमची लीग दहा जणांची, सगळे डेट्रॉईटच्या आसपासचे मराठी लोक. कमिशनर म्हणजे आमच्यातले एक काका, जे १९९१ च्या हंगामापासून डेट्रॉईटच्या लायन्स या व्यावसायिक लीगमधल्या (एनएफएल) संघाचे सामने बघताहेत. त्या हंगामात लायन्सनी प्लेऑफचा एक सामना जिंकला आणि पुढचा जिंकला तो थेट जानेवारी २०२४ मध्ये. मधली बत्तीस वर्षं काका दर रविवारी टीव्हीसमोर बसत होते. त्यामुळे आमच्याकडे ड्राफ्टमध्ये लायन्सच्या खेळाडूंना मागणी जरा जास्तच असते, हे आधी सांगून ठेवते.

खेळ नवा असेल त्यांच्यासाठी एवढंच. प्रत्येकजण खऱ्या खेळाडूंमधून आपला कागदावरचा संघ निवडतो आणि ते खेळाडू मैदानावर जे करतील त्याचे गुण आपल्याला मिळतात. आमच्या लीगमध्ये दहा यार्डांना एक गुण, टचडाउनला (चेंडू विरुद्ध संघाच्या टोकाच्या रेषेपलीकडे नेला की) सहा, आणि पास झेलला की प्रत्येक झेलाला एक. चेंडू हातात घेऊन पळणारा तो रनिंग बॅक. तो क्वार्टरबॅकच्या, म्हणजे पास फेकणाऱ्याच्या, मागे जिथे उभा असतो ती जागा म्हणजे बॅकफील्ड. चेंडू एकच असतो, म्हणून बॅकफील्डमध्ये दोन चांगले बॅक असले की लोक बिचकतात. सर्वसाधारण सल्ला असा: ज्याच्याकडे सगळं काम आहे तो घ्या, वाटणीतला टाळा.

ही सेवाही तेच सांगते. तिच्या यादीत अशा खेळाडूंच्या नावापुढे दोन माणसांचं छोटं चिन्ह येतं, आणि ते चिन्ह आलं की क्रमांक आपोआप खाली सरकतो.

२०२३ च्या ड्राफ्टला मी त्या यादीवर पूर्ण विश्वास ठेवला. लायन्सनी त्या वर्षी एनएफएलच्या खऱ्या ड्राफ्टमध्ये, जिथे संघ कॉलेजचे खेळाडू निवडतात, अलाबामा विद्यापीठाच्या जाहमिर गिब्सला पहिल्या फेरीत, एकूण बाराव्या क्रमांकावर घेतलं होतं आणि शिकागोहून डेव्हिड माँटगोमरीला तीन वर्षांचा करार देऊन आणलं होतं. यादीत गिब्स बराच वर, माँटगोमरी बराच खाली. मी तिसऱ्या फेरीत गिब्स घेतला. पहिल्याच सामन्यात, कॅन्सस सिटीविरुद्ध, माँटगोमरीने २१ वेळा चेंडू नेला, गिब्सने ७ वेळा. चौथ्या आठवड्यात ग्रीन बेला गुरुवारच्या सामन्यात माँटगोमरीने ३२ वेळा चेंडू नेऊन १२१ यार्ड आणि तीन टचडाउन केले. मी सोफ्यावर बसून गिब्सची वाट बघत होते. पहिल्या चार सामन्यांत त्याचा एकही टचडाउन नव्हता, आणि मग मांडीचा स्नायू दुखावून तो दोन सामने बाहेर बसला.

ऑक्टोबरच्या मध्यावर ट्रेड कॅल्क्युलेटरने गिब्सची किंमत निम्म्यावर आणली होती. एका साध्या रिसीव्हरच्या (पास झेलणाऱ्या खेळाडूच्या) बदल्यात ‘ट्रेड योग्य’ असा हिरवा पट्टा दिसला आणि मी गिब्सला देऊन टाकलं. पुढच्याच सामन्यात बाल्टिमोरविरुद्ध त्याने ११ वेळा चेंडू नेऊन ६८ यार्ड आणि पहिला टचडाउन केला, वर नऊ पास झेलले. त्यानंतरच्या सोमवारी रेडर्सविरुद्ध २६ वेळा चेंडू आणि १५२ यार्ड. माँटगोमरी तेव्हा बरगडीच्या दुखापतीने बाहेर होता, म्हणून लीगमध्ये सगळे म्हणाले, की तो परत आला की गिब्स पुन्हा बसेल. सेवेच्या साप्ताहिक अंदाजातही तेच लिहिलं होतं. १२ नोव्हेंबरला लॉस अँजेलिसमध्ये चार्जर्सविरुद्ध दोघंही खेळले. माँटगोमरीने १२ वेळा चेंडू नेऊन ११६ यार्ड आणि एक टचडाउन, गिब्सने १४ वेळा नेऊन ७७ यार्ड आणि दोन टचडाउन. सामना लायन्सनी ४१-३८ जिंकला. माझ्या संघात दोघांपैकी एकही नव्हता.

हंगाम संपल्यावर मी वही घेऊन बसले. २०२३ मध्ये माँटगोमरी: १४ सामने, २१९ कॅरी (म्हणजे चेंडू घेऊन पळण्याच्या खेपा), १,०१५ यार्ड, १३ टचडाउन, १६ झेल. गिब्स: १५ सामने, १८२ कॅरी, ९४५ यार्ड, पळून १० टचडाउन, ५२ झेल, झेलून आणखी एक टचडाउन. झेलाचे गुण आणि फंबलची (हातून सुटलेल्या चेंडूची) वजाबाकी बाजूला ठेवून, पण झेलून केलेले यार्ड धरून बेरीज केली तर गिब्सचे १९२.१ आणि माँटगोमरीचे १९१.२. जवळजवळ सारखे. झेलाचे गुण धरले की गिब्स २४४.१, माँटगोमरी २०७.२. म्हणजे दोघांमधलं अंतर जे काही होतं ते जवळपास सगळं झेलांमधून आलं. आणि सामन्यागणिक बघितलं तर गिब्सचे १६.३, माँटगोमरीचे १४.८. दहा जणांच्या लीगमध्ये हे दोन्ही आकडे दर आठवड्याला मैदानात उतरवण्याच्या लायकीचे. ‘वाटणीतला टाळा’ म्हणून खाली ढकललेला माणूस आमच्याकडे सातव्या फेरीत गेला होता!

इथे मला माहेरची विहीर आठवली. आमचं गाव तासगाव तालुक्यात. वडील आणि चुलते यांच्या वाटण्या झाल्या तेव्हा विहिरीत आठ-आठ आणे हिस्सा लागला. एका आठवड्याला दिवसाची लाईट आमची, एका आठवड्याला त्यांची. कागदावर हिस्सा अगदी सारखा. पण चुलत्यांच्या वाट्याला द्राक्षाची काळी जमीन आली होती आणि आमच्या वाट्याला थोडी काळी, बाकी माळ. पाणी तेवढंच, तरी ते कुठे पडतंय त्यावर वर्षाचं उत्पन्न ठरायचं. आणि शेजारच्या मळ्यात विहिरीचे सोळाच्या सोळा आणे एका घरात होते, पण मार्चनंतर तळ दिसायचा. पूर्ण हिस्सा असून त्यांची बाग उभी राहिली नाही.

ही सेवा फक्त आणेवारी बघते. माझी तक्रार एवढीच आहे, पण ती मोठी आहे. संघाच्या एकूण कॅरी किती, त्यातला टक्का याचा किती, त्याचा किती, असा गुणाकार करून ती गुण काढते. विहिरीला पाणी किती, म्हणजे संघ एकूण किती गुण करतो, हे तिला कळतं, पण उशिरा. आणि वाटणीतला कोणता तुकडा बागायत, कोणता जिरायत, हे तर ती क्रमवारीत धरतच नाही. विरुद्ध संघाच्या पाच यार्डांच्या रेषेवर मिळालेला चेंडू आणि मैदानाच्या मध्यावर मिळालेला चेंडू दोन्ही ‘एक कॅरी’ म्हणूनच मोजले जातात. पहिल्यातून सहा गुण यायची शक्यता असते, दुसऱ्यातून सरासरी चार यार्ड, म्हणजे अर्धाही गुण नाही. पासचा झेल तर आमच्या लीगमध्ये हातात पडताक्षणीच एक गुण देऊन जातो. २०२३ मध्ये माँटगोमरीला दर सतराव्या कॅरीला टचडाउन मिळत होता, कारण गोललाइनपाशी, म्हणजे टचडाउनच्या रेषेजवळ, चेंडू त्याच्याकडे जायचा. गिब्सकडे झेल होते. दोघांच्याही शेतात काळी जमीन होती, फक्त वेगवेगळ्या टोकांना.

वाटणी खरोखर वाईट कधी असते, याचंही उदाहरण माझ्या वहीत आहे. डेन्व्हर, २०२१. जावोंटे विल्यम्स २०३ कॅरी, मेल्विन गॉर्डन २०३ कॅरी. एकही इकडचा तिकडे नाही. यार्डसुद्धा ९०३ आणि ९१८. विल्यम्सने ४३ पास झेलले, गॉर्डनने २८, म्हणजे कामाचा प्रकारही फारसा वेगळा नाही. आणि संघाने १७ सामन्यांत मिळून ३३५ गुण केले. लायन्सनी २०२३ मध्ये ४६१ केले. डेन्व्हरच्या दोघांचे मिळून १७ टचडाउन, डेट्रॉईटच्या दोघांचे २४. डेन्व्हरमध्ये दोघांनाही सामन्यागणिक बारा-साडेबारा गुण पडले: लाइनअपमध्ये ठेवावा तर जीव लागत नाही, बाहेर बसवावा तर धाकधूक. गॉर्डन एकच सामना बाहेर बसला, कॅन्सस सिटीविरुद्ध, तेव्हा विल्यम्सने पळून १०२ आणि झेलून ७६ यार्ड केले. तोटी सगळी आपल्या बाजूला वळली की काय होतं ते त्या एका रात्री दिसलं. सेवेच्या जुन्या यादीत डेन्व्हरच्या जोडीला आणि डेट्रॉईटच्या जोडीला एकच चिन्ह आहे, तीच दोन छोटी माणसं.

जाता जाता न्यू ऑर्लिन्सचं २०१७ सुद्धा सांगायला हवं, कारण अशा जोडीचा तो सर्वांत सुंदर हंगाम होता. मार्क इंग्रमने पळून १,१२४ यार्ड केले, अल्विन कमाराने पळून ७२८ आणि ८१ झेलांवर ८२६. एकाच संघाच्या दोन बॅकनी प्रत्येकी १,५०० च्या वर एकूण यार्ड करण्याची ती एनएफएलच्या इतिहासातली पहिलीच वेळ. तेव्हा मी फँटसी खेळत नव्हते, भाच्याच्या खांद्यावरून बघायचे.

२०२४ ला मी सेवा पुन्हा घेतली, पण क्रमवारीचं पान उघडायचंच नाही असं ठरवून. या सेवेत खरं सोनं आहे ते तक्त्यांमध्ये, आणि ते मी मनापासून सांगते. डाव्या बाजूच्या मेनूत अगदी खाली, ‘वापर’ नावाच्या भागात, प्रत्येक सामन्यातले स्नॅप (खेळाडू किती डावांना मैदानावर होता), पाससाठी धावलेल्या वाटा, दहा यार्डांच्या आतल्या कॅरी, पाच यार्डांच्या आतल्या कॅरी, तिसऱ्या डाउनला (चार प्रयत्नांपैकी तिसऱ्याला) मैदानावर कोण होतं, हे सगळं वेगवेगळ्या रकान्यांत मिळतं. सोमवारच्या सामन्यानंतर मंगळवारी सकाळी सातच्या आत तक्ता भरलेला असतो. मी कामाला निघण्यापूर्वी चहा घेताघेता तो बघायचे. बेरजा मी वहीशी पडताळून पाहिल्या आहेत, चूक सापडली नाही. दोन बॅक शेजारी-शेजारी ठेवून बघायची सोयही आहे आणि ती फोनवर नीट चालते. एवढी चांगली सामग्री त्यांच्याच घरात असताना क्रमवारी करणारे ती वापरत नाहीत, याचं मला अजून वाईट वाटतं.

तर तक्त्यांवर विसंबून मी २०२४ ला नववी निवड होती तेव्हा गिब्स घेतला आणि सहाव्या फेरीत माँटगोमरी. सेवेच्या ड्राफ्ट मदतनीसाने लाल पट्टी दाखवली: एकाच बॅकफील्डमधले दोघं. काकांनी वड्याची बशी पुढे करत विचारलं, “ताई, एकाच घरातले दोघं कशाला घेताय? एक खेळला की दुसरा उपाशी.” मी म्हटलं, “काका, त्या घरात जेवण भरपूर आहे.” भाच्यानेही मान हलवली, पण तो वादात पडला नाही.

सेवेने माँटगोमरीला त्या वर्षी ‘हँडकफ’ असा शिक्का मारला होता. हँडकफ म्हणजे मुख्य बॅकला दुखापत झाली तर कामाला येईल म्हणून बाकावर ठेवायचा राखीव. हा शिक्का चुकीचाच होता. राखीव माणूस मुख्य खेळाडू धडधाकट असताना काही देत नाही. माँटगोमरी दर आठवड्याला देत होता, आणि शिवाय गिब्स बाहेर बसला तर त्याची किंमत दुप्पट होणार होती. २०२३ च्या पाचव्या आठवड्यात, गिब्स नसताना, त्याने कॅरोलिनाविरुद्ध १०९ यार्ड आणि टचडाउन केलाच होता. म्हणजे एका किमतीत दोन गोष्टी होत्या: रोजचं उत्पन्न आणि विमा. यादी दोन्हींपैकी एकाचेच पैसे लावत होती. आमच्या लीगमध्ये तो सहाव्या फेरीपर्यंत शिल्लक राहिला तो यामुळेच.

दोघांना एकत्र घेण्याचा तोटाही झाला. लायन्सचा विश्रांतीचा आठवडा पाचवा होता आणि त्या आठवड्यात माझ्या लाइनअपमधून दोघंही एकदम गेले. वेव्हरवरून (कुणीच न घेतलेल्या खेळाडूंच्या यादीतून) उचललेल्या दोघांनी मिळून नऊ गुण केले आणि मी सपाटून हरले. हे आधी कॅलेंडरमध्ये दिसत होतं, तरी मी तयारी केली नव्हती. जो कुणी अशी जोडी घेईल त्याने त्या एका आठवड्यासाठी तिसरा चांगला बॅक आधीच बघून ठेवावा.

बाकी हंगामाचे आकडे असे. गिब्स: २५० कॅरी, १,४१२ यार्ड, ५२ झेल, एकूण २० टचडाउन. माँटगोमरी: १४ सामन्यांत १८५ कॅरी, ७७५ यार्ड, १२ टचडाउन, ३६ झेल. माँटगोमरीकडे नीट बघा. सामन्यागणिक कॅरी १५.६ वरून १३.२ वर आल्या, हिस्सा घटला, आणि आमच्या पद्धतीने सामन्यागणिक गुण १४.८ वरून १५.७ वर गेले. झेल १६ चे ३६ झाले, म्हणून. आणेवारी कमी झाली, पण मिळालेल्या तुकड्यात बागायत वाढलं. तक्त्यात हे ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच दिसत होतं. साप्ताहिक अंदाजात मात्र नोव्हेंबर संपेपर्यंत तो दहा-अकरा गुणांचाच माणूस होता, आणि दर गुरुवारी सेवा मला त्याला बसवायचा सल्ला देत राहिली. मी एकदाही बसवलं नाही.

१५ डिसेंबरला बफेलोविरुद्ध माँटगोमरीचा गुडघा दुखावला. पाच कॅरी आणि संपलं. साखळीतले उरलेले तीन सामने तो खेळला नाही. गिब्सने शिकागोविरुद्ध १०९ यार्ड केले, सॅन फ्रान्सिस्कोविरुद्ध ११७, आणि शेवटच्या सामन्यात मिनेसोटाविरुद्ध १३९ यार्ड आणि एकूण चार टचडाउन. आमची सेमीफायनल सोळाव्या आठवड्यात होती, ती मी जिंकले. सतराव्या आठवड्यातली फायनल सात गुणांनी हरले, रिसीव्हर चालले नाहीत म्हणून. पण बॅकच्या जागांवर माझ्या संघाने त्या वर्षी लीगमध्ये सर्वांत जास्त गुण केले.

हे लिहितेय तेव्हा २०२५ चा ड्राफ्ट जवळ आलाय आणि सेवेची त्या वर्षीची नवी यादी आली आहे. गिब्स पहिल्या पाचात, माँटगोमरी आणखी खाली. यावेळी मला यादीशी थोडं सहमत व्हावं लागतंय, पण तिच्या कारणाशी नाही. यादी म्हणते, गिब्सचा हिस्सा वाढेल म्हणून माँटगोमरीची किंमत कमी. मला काळजी आहे ती पाण्याची. ज्यांच्या आखणीवर लायन्सचा आक्रमक खेळ चालत होता ते बेन जॉन्सन शिकागोचे मुख्य प्रशिक्षक झाले. बॅकसाठी वाट मोकळी करणाऱ्या पुढच्या फळीतला सेंटर फ्रँक रॅग्नो जूनमध्ये निवृत्त झाला. त्याच फळीतला गार्ड केव्हिन झाइट्लर टेनेसीला गेला. २०२४ मध्ये या संघाने ५६४ गुण केले होते, आणि असा आकडा दर वर्षी येत नसतो. तो खाली आला तर पहिली झळ गोललाइनवर जगणाऱ्याला बसते. त्यामुळे माँटगोमरीसाठी मी यंदा सातव्या फेरीच्या वर जाणार नाही. सातवीत मिळाला तर मात्र सोडणारही नाही. सेवेच्या माहितीपानावर यातल्या जॉन्सनचा उल्लेख एका ओळीत आहे, बाकी दोघांचा नाही.

ग्राहक सेवेबद्दल दोन शब्द. मी फेब्रुवारीत त्यांना सविस्तर ईमेल लिहिलं होतं: क्रमवारीत कॅरीचा प्रकार धरा, आणि दोन माणसांचं चिन्ह सरसकट लावू नका. चार दिवसांत उत्तर आलं, माणसाने लिहिलेलं, सभ्य. त्यांनी लिहिलं की सुचवलेलं पुढे पाठवलं आहे. नव्या यादीत फरक दिसत नाही. वर्गणी आपोआप नव्याने कापली जाते, ती आठवडाभर आधी कळवतात, आणि बंद करायला सांगितल्यावर कटकट न करता बंद करतात.

पाचपैकी तक्त्यांना साडेचार, क्रमवारीला दोन, ट्रेड कॅल्क्युलेटरला एक. घेणाऱ्यांसाठी माझा सल्ला असा: वर्षाची घेऊ नका. महिन्याची वर्गणी १५ डॉलर आहे, तशी दोन महिन्यांची घ्या, सप्टेंबर आणि ऑक्टोबर. ड्राफ्टच्या यादीसाठी ऑगस्टचे पैसे घालवू नका. पहिले चार सामने झाले की ‘वापर’ उघडा, ज्या संघात दोन बॅक आहेत त्यांचे पाच यार्डांच्या आतले आणि पासच्या वाटांचे रकाने शेजारी लावा, आणि ज्याच्याकडे त्यातला एक तरी रकाना भरलेला आहे पण ट्रेड कॅल्क्युलेटर ज्याला स्वस्त दाखवतोय, त्याच्या मालकाला त्याच संध्याकाळी फोन करा. मी यंदा ऑक्टोबरच्या पहिल्या मंगळवारी तेच करणार आहे. काकांकडे सध्या दोन असे बॅक येतील अशी चिन्हं आहेत, आणि ते अजून क्रमवारीच वाचतात.